ग्रीन घर महाग पडतं का? हिशोब कसा मांडायचा ते सांगते

घर बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "स्क्वेअर फुटाला किती पडेल?" आणि त्याच दमात दुसरा, "ग्रीन केलं तर वरती किती?" ग्रीन म्हणजे वीज, पाणी आणि माल कमी वापरणारं घर. मी पण हेच विचारत गावभर फिरले होते. सातारा जिल्ह्यात आमच्या गावी सासऱ्यांच्या जागेवर हजार स्क्वेअर फुटाचं घर बांधलं, त्याआधी एका कॉन्ट्रॅक्टरने १९०० चा रेट दिला आणि ग्रीन घरं बांधणाऱ्या एका आर्किटेक्टने २३०० चा. मी घरी येऊन नवऱ्याला सांगून मोकळी, की बघ, ग्रीनचे चार लाख जास्त लागतायत, सोडून दे नाद. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, ह्यात सेप्टिक टँक कुठाय? १९०० वाल्यात सेप्टिक टँक नव्हता, पाण्याची टाकी नव्हती, कंपाउंड नव्हतं, जोत्याची भर नव्हती, वायरिंग होतं पण पंखे-बटणं "मालकाकडून". २३०० मध्ये हे सगळं धरलेलं होतं. म्हणजे ते चार लाख ग्रीनचे नव्हतेच, ते सेप्टिक टँक आणि कंपाउंडचे होते.

तेव्हापासून कोणी विचारलं की ग्रीन घर किती टक्के महाग, तर मी सांगते की असा एक आकडा नसतो. ग्रीन घर म्हणजे एक वस्तू नाही, पंचवीस-तीस छोटे निर्णय आहेत, त्यातले काही पहिल्याच दिवशी पैसे वाचवतात, काही फुकट असतात, काही आज खिसा कापतात आणि पाच वर्षांत परत देतात, आणि काही कधीच परत देत नाहीत, नुसती मिरवायला असतात. हे चार ढीग वेगळे करता आले की झालं. पहिल्यांदा घर बांधणाऱ्यांसाठी हे कसं करायचं ते ओळीने सांगते, पण सगळ्या पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत हे आधीच सांगून ठेवते.

आणि हो, सर्टिफिकेटचं टेन्शन घेऊ नका. ग्रीन बिल्डिंगला रेटिंग देणाऱ्या आयजीबीसी आणि गृहा अशा व्यवस्था आहेत, मोठ्या बिल्डिंगा आणि सोसायट्यांना त्याचा उपयोग असतो, विकताना ब्रोशरवर टाकता येतं. स्वतःच्या हजार-बाराशे फुटाच्या घराला कुठलाही शिक्का लागत नाही, त्याची फी हिशोबात धरायचीच नाही.

पायरी १: दोन्ही कोटेशनं एका मापात आणा

स्क्वेअर फुटाचा रेट हा भाजीवाल्याच्या "वाट्या"सारखा असतो, वाट्यात काय आहे ते बघितल्याशिवाय भाव कळत नाही. म्हणून दोघांकडूनही आयटम रेटने कागद मागा. खोदाई किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), पीसीसी म्हणजे पायाखालचं साधं काँक्रीट किती, फुटिंग-कॉलम-बीम-स्लॅबचं काँक्रीट किती, स्टील किती किलो, वीटकाम किती, गिलावा आतला किती बाहेरचा किती, फरशी, प्लंबिंग, वायरिंग, दारं-खिडक्या, रंग. काही कॉन्ट्रॅक्टर तोंड वाकडं करतात, "आम्ही असं देत नाही मॅडम, विथ मटेरियल एकच रेट". नाही देत म्हणाले तर तोच उत्तराचा अर्धा भाग समजा.

ढोबळ तपासायला दोन आकडे लक्षात ठेवा. नेहमीच्या आरसीसी घराला स्क्वेअर फुटाला साधारण साडेतीन-चार किलो स्टील लागतं आणि ०.४ च्या आसपास सिमेंटची बॅग. हजार फुटाला म्हणजे साडेतीन-चार टन स्टील आणि ४०० बॅगा. ह्याच्या फार वर आकडा असेल तर का ते विचारा, फार खाली असेल तर जास्तच जोरात विचारा.

हा कागद हातात आला की एक गंमत दिसते. पैसा भिंतीत कमी आणि फिनिशिंगमध्ये जास्त असतो. टाइल्स, पीओपीचं सीलिंग, मॉड्युलर किचन, स्टीलचं भलंमोठं गेट. दोन शेजाऱ्यांच्या घरांच्या खर्चात जो फरक पडतो तो बहुतेक ह्यातच असतो, आणि त्याचा ग्रीन-बिनग्रीनशी काही संबंध नसतो.

पायरी २: वहीत तीन रकाने

प्रत्येक आयटमपुढे तीन रकाने काढा: आजचा खर्च, दर महिन्याचा खर्च, दहा वर्षांतली देखभाल. एक्सेल येत असेल तर एक्सेल, मी शंभर पानी वहीच वापरली. नेहमीच्या बांधकामात आपण फक्त पहिला रकाना बघतो, म्हणून बाहेरचा रंग "स्वस्त" वाटतो, पण तो दर पाच-सहा वर्षांनी पुन्हा मारायचा असतो, परांची बांधून, मजुरीसकट. तसंच उलटही आहे. मातीचा गिलावा आणि शेणाची जमीन फोटोत फार छान दिसते आणि आज स्वस्तही पडते, पण दरवर्षी सारवणार कोण? आमच्या सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "मी आयुष्यभर सारवलंय, आता तू सारवणार असशील तर कर." केलं नाही. हा पण तिसऱ्या रकान्यातलाच खर्च आहे, फक्त तो बायकांच्या पाठीने भरायचा असतो म्हणून कोणी लिहीत नाही.

पायरी ३: फुकटातलं आधी घ्या

सगळ्यात ग्रीन आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे कमी बांधणं. दोनशे फुटाची "गेस्ट रूम" जिच्यात वर्षातून दोनदा पाहुणे झोपतात, २००० च्या रेटने ती चार लाखांची झाली. तेवढ्यात सोलर वीज, सोलर वॉटर हीटर, पावसाच्या पाण्याची सोय सगळं बसतं आणि पैसे उरतात. हे कोणताच कॉन्ट्रॅक्टर सांगणार नाही, कारण त्याचा रेटच फुटावर असतो.

दुसरं म्हणजे ऊन. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटाचा छज्जा टाकला की काम भागतं. खरा त्रास पश्चिमेचा. संध्याकाळचं ऊन आडवं येतं, छज्ज्याच्या खालून थेट पलंगावर. म्हणून पश्चिमेला बेडरूम नको, तिकडे जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली टाका, जमलं तर पडवी काढा किंवा झाड लावा. प्लॅन कागदावर असताना हे बदलायला शून्य रुपये लागतात आणि घर झाल्यावर एसी लागतो.

आमच्या पहिल्या प्लॅनमध्ये आमची बेडरूम बरोबर नैऋत्येच्या कोपऱ्यात होती, वास्तूवाल्या काकांनी सांगितलेली. त्यावर घरात काय काय झालं तो वेगळा लेख होईल. शेवटी बेडरूम तिथेच राहिली पण पश्चिमेची खिडकी काढून दक्षिणेला घेतली आणि पश्चिमेच्या भिंतीबाहेर पडवी काढली. तडजोड.

पायरी ४: भिंत, जिथे सगळे सगळ्यात जास्त भांडतात

वीट, एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा), फ्लाय अॅशची वीट, मातीचा दाबलेला ब्लॉक, चिरा, काळा दगड. नेटवर बघितलं तर प्रत्येकाचा भक्त सापडतो. माझा नियम साधा आहे, आधी तुमच्या गावापासून तीस-चाळीस किलोमीटरमध्ये काय मिळतं ते बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभा चिरा घ्या, तो तिथल्या जमिनीतूनच निघतो आणि गवंड्यांचा हात त्यावर बसलेला असतो. तोच चिरा ट्रकने घाट चढवून पुण्याला आणला की ना स्वस्त राहिला ना ग्रीन. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ, नाशिकजवळ एकलहरे इथे औष्णिक वीज केंद्रं आहेत, तिथली राख वापरून केलेल्या फ्लाय अॅशच्या विटा आसपास बऱ्या भावात मिळतात आणि त्यासाठी कोणाच्या शेतातली माती उकरावी लागत नाही. आमच्याकडे भाजकी वीटच जवळची होती.

एएसी ब्लॉकबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. तो भाजक्या विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो, उष्णता कमी आत सोडतो, काम झपझप होतं. पण "वजन कमी म्हणून स्टील वाचतं" हे तेव्हाच खरं, जेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधीच सांगितलेलं असतं आणि त्याने डिझाइन त्या वजनावर केलेलं असतं. डिझाइन विटेचं, भिंती एएसीच्या, तर एक किलोही वाचत नाही. आणि तळमजल्याच्या बैठ्या घरात मुळातच फार वाचत नाही, तीन-चार मजले असतील तर बोला. माझ्या मामेभावाने एएसी घेतले, जोडायला तीन मिलिमीटरचं ते तयार अॅडहेसिव्ह असतं ते "महाग" म्हणून गवंड्याने नेहमीचा जाड सिमेंटचा माल वापरला, वरून कडक गिलावा ठोकला, पहिल्या उन्हाळ्यात भिंतींवर भेगांचे नकाशे उमटले. दोष ब्लॉकचा नव्हता.

आम्ही काय केलं ते जरा सविस्तर सांगते कारण आकडे त्यातच कळतात. आम्ही रॅट ट्रॅप, म्हणजे उंदराचा सापळा, ह्या नावाच्या पद्धतीने विटा लावल्या. केरळात आर्किटेक्ट लॉरी बेकर ह्यांनी ही पद्धत आयुष्यभर वापरली आणि लोकांच्या गळी उतरवली. वीट आडवी न झोपवता कडेवर उभी लावायची, दोन उभ्या विटांच्या मध्ये पोकळी सोडायची. वीट ९ बाय ४ बाय ३ इंची असेल तर तीन इंच वीट, तीन इंच पोकळी, तीन इंच वीट, भिंत नऊ इंचीच राहते पण पाव भाग विटा कमी लागतात, माल कमी लागतो आणि मधली हवा ऊन आत यायला अडवते.

आमचे मिस्त्री पन्नाशीचे, हात अत्यंत सफाईदार, पण ऐकल्यावर हसायलाच लागले. "ताई, नावातच उंदीर हाय म्हणता, मग भितीत उंदरं न्हाईत का शिरायची?" मी म्हटलं, मामा, एक चार फुटाची भिंत नमुन्याला बांधून बघू, नाही पटली तर पाडू, मजुरी माझी. पहिल्या दिवशी त्यांच्या माणसाने सवयीने प्रत्येक पोकळीत घमेलंभर माल ओतला, म्हणजे बचत होती ती सगळी भिंतीच्या पोटात. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनीच एक तीन इंची फळी कापून आणली, ती पोकळीवर ठेवायची, माल पसरायचा, फळी उचलायची. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त सगळ्यात खालचा आणि वरचा थर, खिडकीच्या खालचा आणि लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईच्या, जवळचा थर भरीव ठेवायचा असतो, आणि वायरिंगचे पाइप पोकळीतून घ्यायचे असतात म्हणून इलेक्ट्रिशियनला भिंत बांधायच्या आधी बोलवावं लागतं, नंतर नाही.

आता हिशोब. आमच्या बाहेरच्या भिंती दारं-खिडक्या वजा करून हजारेक स्क्वेअर फूट. नेहमीच्या पद्धतीने त्याला साडेआठ-नऊ हजार विटा लागल्या असत्या. पाव भाग म्हणजे सव्वादोन हजार वाचल्या, वीट ८ रुपयांनी धरली तर अठरा हजार. बस्स. वीस लाखाच्या घरात अठरा हजार. एवढा आटापिटा करून एक टक्का पण नाही! खरी बचत वेगळीच निघाली, बाहेरून गिलावा केला नाही. हजार फुटाचा बाहेरचा गिलावा मालासकट ४५ च्या भावाने पंचेचाळीस हजार, त्यावरचा पुट्टी-प्रायमर-रंग वेगळा, आणि तो रंग पुन्हा पुन्हा मारायचा खर्च तिसऱ्या रकान्यातून कायमचा गेला. म्हणून भिंतीची तुलना करताना विटेचा भाव विटेशी लावू नका, गिलाव्या-रंगासकट तयार भिंतीचा भाव तयार भिंतीशी लावा.

पण उघडी वीट ठेवायची तर वीट चांगली हवी, नाहीतर पावसाळ्यात आतून पोपडे. ह्याची टेस्ट घरी होते. कोरडी वीट वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून परत वजन करा, वजन वीस टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर ती वीट पाणी पिते. मी दोन भट्ट्यांच्या विटा पिशवीत घालून किराणा दुकानात गेले, काटा इलेक्ट्रॉनिक होता. २ किलो ९०० ग्रॅमची वीट दुसऱ्या दिवशी ३ किलो ४८० च्या आत राहायला हवी होती. स्वस्तवाल्या भट्टीची भरली ३ किलो ६५०. दुकानदाराने विचारलं, "वहिनी, विटा किलोवर घेता का आता?" दुसऱ्या भट्टीची वीट रुपया महाग होती, तीच घेतली. महाबळेश्वर किंवा कोकणासारखा पाऊस असेल तर चांगली वीट असूनही उघडी ठेवायच्या आधी दहादा विचार करा, छत भिंतीबाहेर लांब काढणार असाल तरच.

दाबलेल्या मातीच्या ब्लॉकबद्दल थोडक्यात. जागेवरचीच माती चालत असेल तर फार छान, साधारण पाच टक्के सिमेंट घालून मशीनने दाबतात, भट्टीचं जळण वाचतं. पण आपली काळी माती ह्याला चालत नाही, ती फुगते आणि आकसते, मुरमाड लाल माती लागते. ब्लॉक तयार झाल्यावर महिनाभर ओले ठेवून पिकवावे लागतात. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलमध्ये ह्याचं चांगलं ट्रेनिंग मिळतं. ज्यांच्याकडे वेळ आणि माती दोन्ही आहे त्यांनी करावं.

पायरी ५: कॉलम हवेत का, आणि भूकंप

एकमजली घराला कॉलम-बीमचा सांगाडा लागतोच असं नाही. भिंतींवर स्लॅब टाकता येतो, लोड बेअरिंग म्हणतात ते, स्टील बरंच वाचतं आणि इथली बचत विटेच्या बचतीपेक्षा मोठी असते. पण दोन गोष्टी. उद्या वर मजला चढवायचा असेल तर आजच इंजिनिअरला सांगा. आणि भूकंपाचे पट्टे, जोत्याला आणि लिंटेलला आरसीसीचा सलग पट्टा, त्यात काटकसर अजिबात नको. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जी घरं पडली ती दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद असलेली होती. साहित्य सगळं नैसर्गिक, गावातलं, आजच्या भाषेत एकदम ग्रीन. भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या, आणि हजारो माणसं त्याच घरांखाली गेली. त्यामुळे कोणी "पूर्वजांचं शहाणपण" म्हणून पट्ट्याशिवायची दगड-मातीची भिंत सुचवली तर चहा पाजून वाटेला लावा.

सिमेंटचं सांगायचं तर तुम्ही ग्रीन सिमेंट बहुतेक आधीच वापरताय. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा बॅगा पीपीसीच्या असतात, त्यात राख मिसळलेली असते, भाव तोच किंवा थोडा कमी. फक्त त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं, निदान दहा दिवस. आमच्याकडे ते काम सासऱ्यांनी घेतलं होतं, सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन, त्याचा खर्च शून्य.

पायरी ६: स्लॅब

बैठ्या घरात निम्म्याहून जास्त ऊन वरून येतं. वॉटरप्रूफिंग तर करायचंच असतं, मग ब्रिक बॅट कोब्यावर (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर) फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक करा, टाइल्सच्या दुकानात फुटका माल जवळपास मातीमोल मिळतो, मजुरी लागते तेवढीच. तेवढेही पैसे नसतील तर पांढरा चुना मारा, दर उन्हाळ्याआधी. एप्रिलमध्ये दुपारी तीनला आमच्या गच्चीवर अनवाणी उभं राहता येतं, शेजारच्या साध्या कोब्यावर चटका बसतो, एवढा फरक. आजचा खर्च जवळजवळ तोच, महिन्याचा खर्च कमी.

फिलर स्लॅब म्हणजे स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट नुसतंच वजन म्हणून बसलेलं असतं, तिथे जुनी मंगलोरी कौलं ठेवायची. काँक्रीट वाचतं, खालून दिसायलाही सुंदर, मग गिलावा आणि पीओपी दोन्ही नको. पण सेंट्रिंगवाल्याने, म्हणजे स्लॅबचा साचा लावणाऱ्याने, कधी केलेलं नसेल तर तो मजुरी वाढवून मागतो आणि बचत तिथेच संपते. आम्ही फक्त ओसरीवर केला, हौस म्हणून.

जुन्या मालाचं राहिलंच. पाडलेल्या वाड्यांची सागवानी दारं-चौकटी जुन्या बाजारात मिळतात, रंधा मारून घेतल्या की नव्या सागवानाच्या दुकानात पाय ठेवायला नको. मापं मात्र आधी घ्या आणि भिंतीत तेवढी जागा सोडा, दार आणून मग भिंत फोडायची असं आमच्यासारखं करू नका.

पायरी ७: पाणी, म्हणजे खरं तर पाइप

हजार फुटाचं छत म्हणजे ९३ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडणारी जागा धरा, ६५ हजार लिटर, त्यातलं गळती-उडती जाऊन पन्नास हजार हातात. हे सगळं साठवायला टाकी बांधायला गेलात तर टाकीच लाखात जाते. बोअर असेल तर स्वस्त रस्ता म्हणजे छताचे पाइप एका शोषखड्ड्यात आणून खडी-वाळू-कोळशाच्या गाळणीतून बोअरजवळ मुरवणं. टाकी हवी की मुरवणं हवं हे तुमच्या टँकरच्या बिलावर ठरतं. टँकर कधी लागत नसेल तर मोठ्या टाकीचे पैसे परत येणार नाहीत, सरळ आहे.

शहरातल्यांनी आपल्या महापालिकेत विचारून घ्या, पुणे महापालिका सोलर, गांडूळखत, रेनवॉटर ह्यातलं काही केलेलं असेल तर मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते.

ह्या पायरीत एकच गोष्ट ठणकावून सांगते, पाइप आत्ताच वेगळे करा. आंघोळीचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी वेगळ्या लाइनने बाहेर काढायला बांधकाम चालू असताना चार-पाच हजारात होतं, ते केळी-अळूला जातं. "नंतर करू" म्हटलं की फरशी फोडावी लागते आणि मग कोणीही करत नाही. तसंच गच्चीपर्यंत सोलरच्या वायरीसाठी रिकामा पाइप आणि हीटरसाठी गरम पाण्याची लाइन. सोलर आज घेणार नसाल तरी पाइप घाला.

पायरी ८: वीज

सोलरवाला घरी येऊन सांगतो "चार वर्षांत पैसे वसूल". कोणाचे, ते विचारा. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तीन किंवा जास्तला एकूण ७८,००० सबसिडी आहे. समजा तीन किलोवॅटचं कोटेशन १,८०,००० आलं, सबसिडी जाऊन तुमचे १,०२,०००. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे महिन्याला ३६०. तुमचा वापर २५० युनिटचा आणि युनिट सरासरी ८ रुपये पडत असेल तर महिन्याला दोन हजार वाचले, एक्कावन्न महिने, म्हणजे सव्वाचार वर्षं. बरोबर बोलला तो. पण गावचं घर, निम्मं वर्ष बंद, वापर ८० युनिटचा आणि तो वीजबिलाच्या खालच्या टप्प्यात ५ रुपयांनी, तर महिन्याला चारशे वाचतात आणि पैसे फिटायला एकवीस वर्षं लागतात. जास्तीच्या युनिटचं वर्षाअखेर जे मिळतं ते किरकोळच. अशा घराला एक किलोवॅट घ्या किंवा घेऊच नका. सोलरवाल्याला बोलवायच्या आधी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून ठेवा.

सोलर वॉटर हीटरचं गणित त्यापेक्षा सोपं आहे. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला गीझर साधारण तीन युनिट खातो. चार माणसांच्या घरात रोजचं आहे हे, हीटर लवकर फिटतो. पंख्यांचं तर त्याहून सोपं, साधा पंखा ७५ वॅट, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास, रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट एका पंख्याचे. हजार-दीड हजार जास्त देऊन वर्ष-सव्वा वर्षात वसूल. घर नवं असो जुनं असो, हे करून टाका.

चौथ्या ढिगात, म्हणजे नुसतं मिरवायला, माझ्या मते काय काय येतं: आपल्या हवेत दुहेरी काचेच्या महागड्या खिडक्या, मोबाइलवरून लावायचे दिवे, आणि कुठल्यातरी दूर देशातून आलेली "इको" लाकडी फरशी. शहाबादी फरशी घ्या, पॉलिश करा, पायाला गार लागते.

पायरी ९: वेळ आणि करार

वेगळ्या पद्धतीने काम करायला मिस्त्रींना सुरुवातीला वेळ लागतो. तुम्ही भाड्याने राहत असाल आणि भाडं १२,००० असेल, काम तीन महिने लांबलं, तर छत्तीस हजार गेले, विटांचे अठरा हजार वाचवून. होम लोनचे हप्ते चालू असतील तर व्याज वेगळं. म्हणून माझा सल्ला, एका घरात एक किंवा दोनच नव्या पद्धती घ्या, सगळ्या नाही. आणि बँकेत आधीच जाऊन विचारा, मातीच्या किंवा बांबूच्या भिंतीला लोन देताना व्हॅल्युअर, म्हणजे बँकेसाठी घराची किंमत ठरवणारे, कां-कू करतात, प्लॅन मंजूर झाल्यावर हे कळलं तर फार मनस्ताप.

कराराचं म्हणजे असं की स्क्वेअर फुटाच्या विथ मटेरियल रेटने काम दिलं तर तुम्ही वाचवलेल्या विटा कॉन्ट्रॅक्टरच्या खिशात जातात, तुमच्या नाही. गिलावा नको म्हणालात तरी रेट तोच राहतो. म्हणून माल आपला आणि मजुरी त्यांची असं करा, किंवा आयटम रेट. मजुरीत रॅट ट्रॅपचा रेट वेगळा लिहून घ्या, उघड्या विटेच्या दर्जा (विटांमधले सांधे) भरायच्या कामाचा वेगळा, नमुन्याची भिंत पाडावी लागली तर ती कोणाच्या खर्चाने तेही लिहा. आम्ही दर्जा भरायचं काम लिहायला विसरलो होतो, मिस्त्रींनी शेवटी फुटाला १४ रुपये जास्त मागितले, आणि काम इतकं सुंदर केलं होतं की मी घासाघीस केलीच नाही.

आमच्या वहीतली एक नोंद अजून लाल शाईत आहे. हीटरपासून बाथरूमपर्यंतच्या गरम पाण्याच्या पाइपला वरून इन्सुलेशन गुंडाळायचं राहिलं, काही शे रुपयांचं काम, आता तो पाइप भिंतीच्या आत आहे. हिवाळ्यात सकाळी पहिली अर्धी बादली गारच येते. ती कढीपत्त्याला जाते, आणि कढीपत्ता आता माझ्या खांद्याएवढा झालाय.